वाईच्या वाड्यातल्या वस्तू : कामाची वही

२ डिसेंबर २०२४, सोमवार

काम सुरू. चार घरांचा सामाईक वाडा, नदीपासून हाकेच्या अंतरावर. वाडा पाडायचा की नाही यावर एकमत नाही, पण आतल्या वस्तूंची वाटणी होण्याआधी सगळ्याची नीट नोंद व्हावी यावर चौघांचंही एकमत आहे. तेवढ्यासाठीच मला बोलावलंय. पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी सांगून टाकल्या. एक, मी किंमत सांगणार नाही. विम्यासाठी मूल्यांकन लागेल तेव्हा वेगळा माणूस आणा. नोंद करणारा आणि भाव ठरवणारा एकच असला की नोंदीत विशेषणं वाढायला लागतात. दोन, कुठली वस्तू कुणाची हे मी ठरवणार नाही.

नोंदीच्या नमुन्याला पाया नेहमीचाच : ऑब्जेक्ट आयडी. चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून १९९७ मध्ये जगभरच्या संग्रहालयांनी, पोलिसांनी आणि विमावाल्यांनी मिळून मान्य केलेला हा किमान तपशील. फोटो, वस्तूचा प्रकार, साहित्य आणि घडण, मापं, लेख-खुणा, ओळख पटवणारी वैशिष्ट्यं, विषय, काळ, घडवणारा. त्यात माझी एक भर असते. प्रत्येक पानाच्या खाली दोन रकाने : ‘दिसतं ते’ आणि ‘सांगतात ते’. दुसऱ्या रकान्यात कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं, हेही. घरगुती संग्रहांत हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की पुढच्या पिढीला काहीच वेगळं काढता येत नाही.

माजघरात टेबल मांडलं. उत्तरेची खिडकी बंद केली, कारण दिवसभर बदलणाऱ्या उजेडात फोटोतले रंग सारखे येत नाहीत. दोन दिवे, राखाडी कागद, कलर चेकर (फोटोतले रंग पडताळायचं कार्ड), सेंटिमीटरची पट्टी, बारीक मापांसाठी व्हर्निअर, पाच किलोपर्यंतचा वजनकाटा. पाचाच्या वरच्या वस्तूंसाठी थोरल्या काकांनी गुळाच्या वखारीतला काटा आणून दिला. तो छान चालतो.

देवघर आजपासून बंद. मार्गशीर्ष लागला, खंडोबाचं नवरात्र बसलं. चंपाषष्ठीपर्यंत देवांचे टाक जागचे हलायचे नाहीत. हे ओघानेच आलं, वेळापत्रक त्याभोवती फिरवलं.

३ डिसेंबर

तांब्या-पितळेचा दिवस. हंडे, घंगाळी, पराती, तपेली, समया, एक लामणदिवा (साखळी मूळची नाही, कड्यांची घडण वेगळी आहे), पानाचे डबे, अडकित्ते.

भांडी म्हणजे संग्रहातला दुय्यम माल असं घरच्यांना वाटतं. खरं तर वाड्यातल्या सर्वांत बोलक्या वस्तू याच. कारण आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, कोणाकडून, कशानिमित्त, आणि नशीब असेल तर तारीख. चित्रावर सही नसेल तर तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडतात, इथे मात्र परातीच्या काठावर सगळं लिहिलेलं असतं. घासून घासून ठिपके पुसट झालेत. डोक्यावरच्या दिव्यात काहीच दिसत नाही. दिवा टेबलाच्या पातळीला आणून अगदी तिरपा सोडला की प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि अक्षरं वर येतात. असा एक फोटो तिरप्या उजेडाचा, एक सरळ, दोन्ही फाइलीत.

मोठ्या घंगाळावरून दोन घरांत जुना वाद आहे. एका घरच्या काकू म्हणतात, ते त्यांच्या सासूबाईंच्या माहेरचं. दुसऱ्या घरचं म्हणणं, ते वाड्याच्या मूळ मालकाचं. तिरप्या उजेडात काठाखाली ओळ निघाली : ‘सप्रेम भेट’, शके १८४३, आणि एक स्त्रीचं नाव. ते नाव तिसऱ्याच घरच्या पणजीचं. (शकात ७८ मिळवायचे म्हणजे १९२१. पौष ते फाल्गुनातली तिथी असती तर एक वर्ष पुढे, पण इथे महिना नाही.) मी तिन्ही म्हणणी ‘सांगतात ते’ मध्ये लिहिली, लेख ‘दिसतं ते’ मध्ये. दुपारच्या चहाला काकू आल्या नाहीत.

एक सूचना आज मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून चुलीजवळ चिकटवली : नोंद होईपर्यंत काहीही चिंच-मीठ लावून घासू नये. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी सगळं चकचकीत करून ठेवायचा उत्साह समजू शकते. पण काळवंडलेला थर ही वस्तूच्या वयाची साक्ष असते, आणि ठिपक्यांची अक्षरं दर घासण्यासरशी थोडी थोडी जातात.

४ डिसेंबर

पोथ्या. लाल खारव्यात बांधलेले गठ्ठे, वर लाकडी फळ्या. कसर लागलीय, पण वाळवी नाही.

घरात ज्या पोथीचा सर्वांत अभिमान ती ‘हरिविजय’. थोरले काका सांगतात : १६२४ सालची, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. काकांनी हे साल पोथीतच वाचलंय आणि ते बरोबर वाचलंय. फक्त तो शक आहे, इसवी सन नव्हे. आणि ते साल या प्रतीचं नव्हे, ग्रंथाचं. श्रीधरस्वामींनी हरिविजय पुरा केला तो शके १६२४, चित्रभानू संवत्सरात, म्हणजे १७०२ साली. ग्रंथाच्या शेवटी कवी ते सांगतो आणि पुढचा प्रत्येक नकलाकार ते जसंच्या तसं उतरवतो. प्रतीचं साल शोधायचं तर त्याच्याही पुढे, नकलाकाराच्या स्वतःच्या दोन ओळींत.

त्या ओळी आहेत, पण ओल लागून आकडा फुटलाय. पहिला आकडा १, दुसरा ७, तिसरा गेला, चौथा १ किंवा ९. संवत्सराचं नाव मात्र स्वच्छ : विरोधी. इथे साठ संवत्सरांचं चक्र कामाला येतं. विरोधी संवत्सर शके १६९१, १७५१, १८११ असं साठ-साठ वर्षांनी पडतं. सतराशेंत बसणारं एकच, १७५१. म्हणजे इसवी सन १८२९-३०. काकांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ पोथीकडे बघत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे इंग्रजी अमलातली.” नाराज झाले असं नाही, पण पोथी गुंडाळताना थोडी घाई केली.

शेवटच्या पानावर नेहमीचा श्लोक : ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’. जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला नको. माझ्या करारातलं जबाबदारीचं कलम वकिलाने दीड पानांत लिहिलंय.

पानाचा कागद उजेडासमोर धरून फोटो घेतला. क्रमांक पोथीच्या पानावर शाईने कधीच नाही. मऊ पेन्सिलीने, मागच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. मोडीतली सुटी पत्रं वेगळ्या आम्लरहित पाकिटांत. ती वाचणं हे माझं काम नाही, मोडी वाचणाऱ्या माणसाकडे स्कॅन जातील. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आसपास अशी माणसं भेटतात.

६ डिसेंबर

भिंतीवरची चित्रं. सगळ्यांत आधी ती लक्ष्मी, जिच्याबद्दल मला पुण्यातच फोनवर सांगितलं होतं : “राजा रविवर्म्याचं अस्सल तैलचित्र.”

चौकटीतून काढण्याआधी पुढून, मागून, चारही कडांनी फोटो. मागची बाजू कुणी बघत नाही आणि चोर तर मुळीच बघत नाही, म्हणून ओळख पटवायला तीच उपयोगी. मागे सुताराच्या खिळ्यांची ओळ, वर्तमानपत्राचा तुकडा, चौकट बनवणाऱ्याची अर्धी फाटलेली चिठ्ठी. मग दहापट भिंग. रंगाच्या जागी बारीक, अनियमित दाणे, एकावर एक वेगवेगळ्या दगडांवरून छापलेल्या रंगांचे थर. ब्रशचा एकही फटकारा नाही. आताच्या ऑफसेट छपाईत ठिपके आखून दिल्यासारखे फुलाच्या आकारात बसतात, तसेही नाहीत. म्हणजे जुना शिळाछाप, ऑलिओग्राफ : तैलचित्रासारखा दिसणारा छाप. खालची पट्टी चौकटीत दडली होती, नशिबाने कापलेली नव्हती. तिच्यावर छापखान्याचं नाव आणि ‘कार्ला-लोणावळा’.

ही पट्टी काळ सांगते. रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला तो मुंबईत. पुढे, शतक बदलायच्या सुमाराला, तो मळवलीला हलवला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. तेव्हा कार्ल्याचं नाव असलेली प्रत मळवलीचीच. पण त्या छापखान्यातून लक्ष्मी कित्येक वर्षं छापली जात होती, त्यामुळे मी ‘विसाव्या शतकाचा पूर्वार्ध’ एवढंच लिहिते. कुणी १८९४ लिहा म्हटलं तरी लिहिणार नाही.

या लक्ष्मीला कुणीतरी हौसेने सजवलंय. साडीच्या काठावर जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात बारीक मणी. घरच्या बायकांनी दुपारच्या वेळी बसून केलेलं काम. माझ्या मते या प्रतीचं खरं वेगळेपण तेच, कारण छापील लक्ष्मी हजारो घरांत होत्या आणि ही सजावट एकाच घरात. धाकट्या घरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, मणी लावणारी बाई कोण ते त्यांच्या सासूबाईंना माहीत होतं. सासूबाई आता नाहीत. ‘सांगतात ते’ मध्ये तेवढंच.

खरं तैलचित्र आणि छाप यांतला फरक डोळ्यांनी बघायचा तर औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जा, असं काकांना सुचवलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेला तो संग्रह याच जिल्ह्यात आहे आणि तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत.

दुपारी काचेवरचं चित्र. बैठकीत बसलेला पगडीधारी पुरुष, मागे पडदा. ही चित्रं काचेच्या मागच्या बाजूने उलट क्रमाने रंगवतात : आधी डोळ्यातला काळा ठिपका आणि दागिन्यांचे मोती, मग चेहरा, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. रंग काचेला नुसता चिकटलेला असतो, मुरलेला नसतो. इथे खांद्याजवळ पापुद्रे सुटलेत. म्हणून चौकट उघडायची नाही. काच खाली, रंग वर, अशा आडव्या स्थितीत ठेवायचं आणि तसंच न्यायचं. प्रतिबिंब टाळायला काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढलं, दिव्यांवर आणि भिंगावर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारी काच. आज दिवसभरात सर्वांत जास्त वेळ याने खाल्ला.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. काम नाही. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा. चारही घरं एका पंगतीला. घंगाळवाल्या काकूंनी मला आग्रहाने दोनदा वाढलं.

९ डिसेंबर

देवघर. अंघोळ करून, पूजा झाल्यावर, नैवेद्याच्या आधीच्या वेळात. मोठ्या काकू स्वतः एकेक टाक उचलून टेबलावरच्या मलमलीवर ठेवणार, मी हात लावणार नाही. वजन करतानाही काट्यावर त्याच ठेवतात. हे माझ्या सोयीचंच आहे, कारण ठेवता ठेवता त्या बोलतात.

टाक म्हणजे ठशावर ठोकून उठवलेला चांदीचा पत्रा, मागे तांब्याचा. घोड्यावर खंडोबा-म्हाळसा, खाली कुत्रा. भवानी. मग तीन वीर. या वीरांपैकी एक कोण ते काकू ठामपणे सांगतात : लढाईत गेलेला घराण्यातला पुरुष. बाकीचे दोन ‘आधीचे’. चेहरे रोजच्या अभिषेकाने आणि पुसण्याने गुळगुळीत झालेत. विकणारा म्हणेल झिजलेला माल. मी झीज कुठे किती ते नोंदते : खंडोबाचं नाक आणि घोड्याची मान सपाट, तलवारीची मूठ शाबूत, उजव्या खालच्या कोपऱ्याला जुनं डाग देऊन केलेलं जोडकाम. दुसऱ्या कुठल्याही टाकाशी ही झीज जुळणार नाही.

थोरल्या काकांनी विचारलं, एवढं कशाला? त्यांना तामिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या नटराजाची गोष्ट सांगितली. देवळातून चोरीला गेलेली ती मूर्ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख डॉलरच्या आसपास किमतीला विकत घेतली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्याच मूर्तीचे देवळात असतानाचे, १९९४ मधले फोटो निघाले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने मूर्ती परत केली. ज्याने ते फोटो काढले त्याच्या मनात चोर पकडणं नव्हतं, तो नुसता अभ्यासाची नोंद करत होता.

क्रमांक घालायचा प्रश्न. धातूवर मी साधारणपणे पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, त्यावर पुन्हा थर असं करते. अ‍ॅसिटोनने पुसलं की निघतं, धातूला काही होत नाही. देवांवर मात्र नाही. घरच्यांनी नको म्हणायच्या आधीच मी नको म्हटलं. रोजचं पाणी, गंध, कुंकू यांत तो टिकणारही नाही. त्याऐवजी वजन दशांश ग्रॅमपर्यंत, आणि प्रत्येक टाकाच्या मागच्या बाजूचे जवळून चार फोटो.

एका पितळी बाळकृष्णाच्या पाठीवर फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी आहे असं वाटतं. बुरशी नाही, तांब्यावरचं क्लोराइड. हे वाढतं. सिलिका जेल घालून कोरड्या डब्यात वेगळा ठेवायला सांगितलंय, पुण्याहून संवर्धक येईपर्यंत अभिषेक बंद. काकूंनी मान्य केलं. पाण्याऐवजी फूल वाहतील म्हणाल्या.

११ डिसेंबर

गंजिफा. लाखेच्या पेटीत गोल पत्ते, दशावतारी. दहा अवतारांच्या दहा रांगा, प्रत्येकी बारा, एकूण १२० हवेत. मांडल्यावर सात कमी, त्यांतले तीन वामनाचे. कुठले पत्ते नाहीत तेही लिहिलं. अर्धवट संच पुढे कुठे दिसला तर तेच उपयोगी.

घरची आख्यायिका : पेशव्यांकडून बक्षीस. पेटीच्या झाकणाच्या आत सावंतवाडीच्या दुकानाची छोटी चिठ्ठी, पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. चिठ्ठी त्यानंतरचीच. पत्ते पेटीहून जुने असू शकतात का? असू शकतात. पण पत्त्यांची लाख पेटीच्या लाखेसारखीच ताजी आहे, कडा घासलेल्या नाहीत, आणि खेळून खेळून मळलेल्या पत्त्यांना अंगठ्याजवळ जो काळसर डाग पडतो तो एकावरही नाही. माझ्या सहकाऱ्याला हसू आवरेना. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला पुन्हा उभी केली नसती तर हाही संच नसता. चांगलं काम आहे, नवं आहे, एवढंच.

सारीपाटाचे लांबट फासे ‘हस्तिदंती’ म्हणून दिले. भिंगाखाली बारीक काळे ठिपके आणि रेघा : हाड. कुंकवाचा करंडा मात्र निराळा. झाकणाच्या सपाट गोलावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांचं जाळं, छेदाचे कोन मोठे. यूव्ही टॉर्चखाली निळसर पांढरा. हा हस्तिदंत. आता हा करंडा वन्यजीव कायद्याखाली येतो, शंभर वर्षांचा असो की दोनशे. विकता येत नाही, भेट देता येत नाही, वारशाने मिळू शकतो, तोही मालकीचं प्रमाणपत्र असेल तर. प्रमाणपत्र आहे का? कुणी ऐकलेलंच नाही. तांबडी खूण करून ठेवली, वनखात्याशी बोलायला वकील लागेल.

१४ डिसेंबर

पैठण्या, शेले, एक अंगरखा. पैठणीचा पदर उलटून पाहिला, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच, म्हणजे हातमागावर धागा धागा गुंतवून विणलेली. कापडाला टाचणी नाही, स्टेपल नाही. धुतलेल्या सुती फितीवर क्रमांक लिहून चार सैल टाके. घड्यांच्या रेषेवर रेशीम तुटायला लागलंय, म्हणून घडीऐवजी मलमल गुंडाळलेल्या नळीवर. बाकी विशेष नाही.

१७ डिसेंबर

संध्याकाळी सगळ्यांची व्हिडिओ बैठक, कारण न्यू जर्सीतला पुतण्या. त्याला दोन वीरांचे टाक आणि हरिविजय तिकडे न्यायचे आहेत. मागणी भावनेची आहे, खोटी नाही. पण १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा सरळ आहे : शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पोथी १८२९ ची असल्याचा पुरावा आता आपणच लिहून ठेवलाय. पुतण्या म्हणाला, “मग लिहायला नको होतं का, मॅडम?” हसून म्हणाला, पण विचारलं.

गंजिफा आणि नंतरची भांडी त्याला नेता येतील. त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा, विमानतळावरची हुज्जत वाचते. गंजिफा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. लहानपणी सुट्टीत तोच त्याने खेळायला मागितला होता आणि मार खाल्ला होता.

दुसरा विषय निघायलाच हवा होता. एका घरच्या मुलाने माझे कच्चे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकलेत, खाली वाड्याचं नाव घालून. त्या गटात तिऱ्हाईत सोयरेही आहेत. फोटो काढायला लावले. यापुढे फाइलीतून जागेची माहिती पुसूनच देईन, आणि वस्तू वाड्यात कुठल्या कपाटात आहे ते पान वेगळ्या बंद पाकिटात राहील.

२८ डिसेंबर

फाइल सुपूर्द. फोटोंच्या मूळ टिफ (पूर्ण दर्जाच्या) प्रती दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत ठेवायच्या. छापील बाड चारही घरांना एकेक. बाड आल्या आल्या प्रत्येकाने आधी घंगाळाचं पान उघडलं.

‘सांगतात ते’ चा रकाना वाचून मोठ्या काकू म्हणाल्या की लढाईत गेलेल्या वीराबद्दल त्यांनी सांगितलेलं अर्धंच आलंय. बसून उरलेलं लिहून घेतलं. त्यांच्या धाकट्या जावेने मध्येच वेगळं गाव सांगितलं, तेही घेतलं, दोघींची नावं आणि तारीख घालून. पुरवणीचं पान नव्याने छापून चारही बाडांत.

४ जानेवारी २०२५

नोंदणीच्या अर्जावर अडकलोय. कायद्याने सगळ्या पुरावस्तूंची नोंदणी सक्तीची नाही, ठरावीक प्रकारांचीच आहे : दगड, धातू, हस्तिदंत वगैरेंची शिल्पं, चित्रं, चित्रांकित हस्तलिखितं, कोरीव लाकूडकाम. त्यामुळे समया आणि पराती सुटल्या. हरिविजयात एकही चित्र नाही, तीही सुटली. बाळकृष्ण, काचेवरचं चित्र आणि दिंडी दरवाज्यावरची कोरीव गणेशपट्टी यांचे अर्ज तयार आहेत. टाक शिल्पात मोडतात की पूजेच्या उपकरणात, ते नोंदणी अधिकाऱ्यांना विचारून ठरेल.

फोटो जोडले, मापं लिहिली. अर्जात मालकाचं नाव लिहायची जागा एकच आहे, घरं चार आहेत, आणि वाटणी झालेली नाही. थोरल्या काकांचं म्हणणं, कर्ता म्हणून त्यांचं नाव घाला. बाकीच्या तिघांपैकी दोघांना चालेल, घंगाळवाल्या घराला नाही. सह्यांची जागा सोडून अर्ज वकिलांकडे पाठवलेत. गणेशपट्टी अजून भिंतीतच आहे, वाडा उतरवायचा ठरला तर ती काढायला सुतार नव्हे, संवर्धक बोलवावा असं पत्र चौघांना वेगवेगळं टाकलं.